ज्याची त्याची वाटी

ती तीन वर्षं आमच्या खिडकीवर बसली, तरी तिचं माहेर कुठलं हे मला ठाऊक नाही. मी शिंपी माणूस. माप विचारता येतं, बाकी काही विचारायला जीभ रेटत नाही.

माझं दुकान बंद झाल्यावर ती जागा नशा करणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेने घेतली. ताई (तिला सगळे ताईच म्हणत) तिथल्या खिडकीतून नव्या सुया द्यायची, वापरलेल्या सुया जाड डब्यात टाकून घ्यायची. मी मागच्या खोलीत राहायचो. दुपारी तिच्याजवळ बसून पाकिटं भरायचो: सुई, कापूस, पाण्याची कुपी, पूड विरघळवायची दांड्याची छोटी वाटी.

एकदा तिने रंगीत दोऱ्याचे तुकडे मागितले. म्हणाली, "काका, सुया लोक वेगळ्या ठेवतात हो. पण घरातलाच माणूस म्हटल्यावर वाटी नि पाणी एकच. आमचं नवराबायकोचं तसंच झालं." त्यातून दोघांना रक्तातून पसरणारा हेपटायटिस सी झाला. नवरा गेला. तिची नशा सुटली, गोळ्यांनी आजारही गेला, पण तोवर यकृत पार खराब झालं होतं.

मग आम्ही प्रत्येक वाटीच्या दांड्याला वेगळ्या रंगाचा दोरा बांधू लागलो. एक जण कुरकुरला, "ताई, गुलाबी मला शोभतो का?"

"लग्नाला निघालायस का? घे गुपचूप. ही हिरवी तुझ्या बायकोची. अदलाबदल केलीस तर याद राख!"

तिचा धाकटा भाऊही सुई घ्यायचा. "सुटेल तेव्हा सुटेल, तोवर माझा आजार त्याला नको," एवढंच ती म्हणायची. पण एकदा त्याने मित्राच्या वाटीतलं घेतलं आणि तेव्हापासून तो तपासणी टाळू लागला. महिन्याभराने तो आपणहून येऊन तपासणीच्या बाकावर बसला. नर्सला शीर सापडेना, तेव्हा त्यानेच दाखवली. ताईने तोंड फिरवलं.

रिपोर्ट चांगला आला. मात्र खात्रीसाठी तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायचं होतं.

एव्हाना ताईचं पोट यकृतामुळे पाणी साठून फुगलं होतं. रिपोर्टच्या दुसऱ्या दिवशी ती इस्पितळात गेली, ती परत आलीच नाही. जायच्या आदल्या संध्याकाळी खिडकी लावताना म्हणाली, "काका, धाकट्याला पुढच्या तपासणीला तुम्ही बसवा हं. टाळेल तो."

"बसवतो."

"आणि ओरडू नका त्याला."

"मला ओरडता कुठे येतं?"

"तेही खरंच," ती म्हणाली आणि चपला घालू लागली.