ओढ्याकाठची पाहणी

अकलूजच्या रस्त्याला आमच्या ओढ्याकाठी बाहेरचे टेम्पो येऊन कचरा टाकायचे. मी सरपंच, म्हणून शिव्या मलाच. शेवटी तिथं कुंपण घालायला सरकारी निधी मागितला. तालुक्याचे साहेब पाहणीला आले. त्यांना घेऊन मी ओढ्यावर गेले आणि बघते तर काय, काठ झाडून लख्ख! सडा घातलेला, वर भलीमोठी रांगोळी.

"कचरा कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"सायेब येणार म्हणून आमीच उचलला की!" वस्तीवरच्या बायका कौतुकानं म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. "अगं बायांनो, कचराच तर दाखवायचा होता!"

"पावण्याला कुणी उकिरडा दावतं व्हय?" माझ्या सासूबाईंनी मलाच झापलं.

साहेब हसत चहा प्यायले. "पुन्हा कचरा पडला की फोटो पाठवा," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यादेखत कचऱ्याचा टेम्पो आला. रांगोळी बघून ड्रायव्हरनं चप्पल काढून हात जोडले आणि टेम्पो तसाच माघारी वळवला. कुठला देव, हे त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आता तिथं रोज रांगोळी असते. साहेबांना पाठवायला फोटो काही मिळेना.