पंचगंगेची वाळू कुणाच्या बापाची?

पेठेतल्या मंडळींनो, तालमीच्या फळ्यावरचा सुविचार पुसून मी हे लिहितेय. डोकंच फिरलंय माझं.

आज सकाळी आम्ही चौघी मैत्रिणी नदीवर पोहायला गेलो. घाटापलीकडचा तो वाळूचा पट्टा, ज्याला सगळी पोरं चौपाटी म्हणतात, तिथं.

पाण्यात पाय घालतोय तोवर आमच्या शेजारचा शिवा ओरडला, "सुमाक्का, हितं पोरींचं काय काम हाय? घरला जावा की!"

वाळूवरच्या बाकीच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. तिघी मैत्रिणी रडवेल्या होऊन परतल्या. मी मात्र पोहूनच आले.

शिवा, आता सगळ्यांसमोर वाच. सात वर्षांचा होतास, पाणी बघून भोकाड पसरायचास. याच वाळूवर तुझ्या पाठीला रिकामा डबा बांधून तुला पोहायला कुणी शिकवलं? मी. तेव्हाही मी पोरगीच होते की!

तो डबा अजून आमच्या माळ्यावर आहे. उद्या सकाळी तो घेऊन मी वाळूवर येतेय, पेठेतल्या पोरींना पोहायला शिकवायला.

मंडळींनो, तुमच्यातलं कोण कोण आपल्या बहिणीला घेऊन येणार? आणि शिट्ट्या मारायला कोण?

— सुमन