समीरचा ओठ बसेना

बँडवाल्याच्या घरी दोन गोष्टी साचतात. पितळ घासायच्या पावडरीचे रिकामे डबे आणि किस्से. डबे बायको भंगारात देते. किस्से कोण घेणार? म्हणून तुमच्या डोक्यावर ओततोय. ऐकायचं तर ऐका, न्हाईतर उठा!

आमचा बँड घोटावड्याचा. ट्रम्पेट माझ्याकडं होतं. पण पुढचे दोन दात पडले आणि वारं तिथनंच निसटायला लागलं. माझ्या जागी आला समीर, आमच्या क्लॅरिनेटवाल्या रफिकभाईचा पुतण्या. कारखान्यात कामाला, छाती रेड्यासारखी. पण फुंकलं की फुस्स! माउथपीसवर ओठ नीट थरथरले तर सूर निघतो. त्याला आम्ही ओठ बसणं म्हणतो. याचा ओठ काही बसेना.

मी तोंडावर सांगितलं, "रिहे गावातल्या लग्नापतुर ओठ बसला तर ट्रम्पेट तुझं. न्हाईतर जल्मभर खुळखुळा हलीव!"

बँडात खुळखुळा मिळणं म्हणजे पंगतीला बोलावून पत्रावळ्या उचलायला लावणं!

*

पहिला धडा, ओठ मिटून घोड्यासारखं फुरफुरायचं. गडी मेहनती! कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटवर बसून फुरफुरायला लागला. ड्रायव्हरनं कान टवकारले, बस कडेला घेतली, इंजिन बंद केलं. समीर घाबरून गप्प.

ड्रायव्हर सगळ्यांकडं वळून म्हणाला, "बगा, इंजिन बंद केलं की आवाज बंद! मालकाला कवाधरनं सांगतोय, गाडी गेलीया म्हनून!"

*

सूर लागेना तसा समीर माउथपीस दाबायला लागला. दाबून सूर निघत नसतो, ओठ मरतो. पण ऐकेल तर शपथ! वरच्या ओठावर गोल वण उठला. त्यात नेमकी मुलीकडची माणसं त्याला बघायला आली.

मुलीची आई निरखून बघत म्हणाली, "रफिकभाई, पोराच्या ओठाला बाटलीचा वण हाय."

"बाटली न्हाई ओ, माउथपीस!"

"नावं रोज नवी निघत्यात. पिणं त्येच!"

चहाला हात न लावता उठली.

*

मग मी ट्रम्पेट गोठ्याच्या आढ्याला दोरीनं टांगलं. "हात मागं घे आन् वाजीव." दाबलं की ट्रम्पेट लांब पळणार. समीरनं तोंड पुढं केलं की ट्रम्पेट मागं, आणि परत येताना नाकावर!

बायको शेण काढत होती. म्हणाली, "वासरू बी आचळाला एवढ्या ढुशा देत न्हाई!"

शेजारच्या फार्महाउसवाले साहेब फाटकातून ओरडले, "तात्या, काय केलंय त्यानं? कसली शिक्षा ही?"

"ट्रम्पेट पळून जातंय सायेब, म्हनून बांधलंय!"

पण एका सकाळी दोरी हललीच नाही. सूर आला. बारीक, पण सरळ. रफिकभाई डोळे पुसायला लागला.

मी म्हणालो, "रडतुयास कशाला? आजून लगीन व्हायचंय!"

*

रिह्यात नवरदेवाची मिरवणूक निघाली. ऊन कडक, समोर सगळा गाव. भीतीनं समीरच्या तोंडाला कोरड पडली, ओठ लाकडासारखे. ट्रम्पेट लावलं, फुस्स! पुन्हा लावलं, पुन्हा फुस्स! मी खुळखुळा पुढं करणार, तेवढ्यात नवरदेवाचे मित्र आडवे आले. प्रत्येकाच्या हातात चिंच!

ही आमच्याकडची जुनी खोड. वाजवणाऱ्यापुढं चिंच चोखली की त्याच्या तोंडाला पाणी सुटतं आणि बँड बंद पडतो. टवाळांनी मिटक्या मारायला सुरुवात केली. रफिकभाईच्या क्लॅरिनेटमधून लाळ टपकली. युफोनियमचा मोठा भोंगा बुडबुडला. सगळा बँड गार! मी डोळे मिटून घेतले.

आणि ट्रम्पेट वाजलं. एकटं. खणखणीत! घोडं बिचकलं, नवरदेवाचा बाप फेटा सोडून नाचायला लागला.

मिरवणूक पोचल्यावर त्या टवाळांनी समीरला गाठलं. "आरं, सगळ्यांची वाद्यं बंद पडली. तुला कसं काय झालं न्हाई?"

समीरनं ओठ पुसले आणि हात पुढं केला.

"आजून चिंच हाय का?"