रडण्याचे दोन तास

मावशी दार दोनदा वाजवते, तिसऱ्यांदा नाही. घरात शिरली की आधी हात धुते. खुर्ची दिली तरी जमिनीवर बसते. पाणी विचारलं तर हो म्हणते, कारण त्या निमित्ताने आईलाही घोटभर प्यायची आठवण होते. बाळाकडे उशिरा बघते. आधी आईला विचारते, "तू जेवलीस का?" वही पिशवीतच ठेवते, ती उघडली की बायका परीक्षेला बसल्यासारख्या बोलतात.

तिचं काम सांगायला सोपं. नवं बाळ आलेल्या घरी तीन वर्षं, दर आठवड्याला जायचं. बाळाशी कसं बोलावं, कसं खेळावं ते दाखवायचं. आणि आईबापांचा तोल जायच्या आत त्यांना हात द्यायचा. आधी ती मोज्यांच्या कारखान्यात होती. चाळिशीत ही नोकरी धरली, त्याला एकवीस वर्षं झाली. जिने चढून चढून गुडघे कुरकुरतात. "कुरकुरू देत," ती म्हणते, "घरी माझ्याशी बोलायला दुसरं आहे कोण?"

एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचं बाळ दोन महिन्यांचं होतं. बाप गॅरेजात मेकॅनिक. त्याने पोराला भोंगा म्हणायला सुरुवात केली होती. रोज संध्याकाळी पाचला भोंगा वाजायला लागायचा, तो सातपर्यंत. डॉक्टरांनी तपासलं होतं. दुखत-खुपत काही नव्हतं. या वयात काही बाळं अशीच रडतात. गुरुवार सोडला तर त्या दोन तासांत आई एकटी असायची. वय बावीस. घर मात्र लख्ख, दुपट्यांच्या घड्या एकसारख्या. मावशी दर वेळी म्हणायची, "किती छान सांभाळतेस गं. इतरांनी तुझ्याकडून शिकावं."

सहाव्या खेपेला मावशीने बाळ घेतलं, तशी आई भिंतीला टेकून उभी राहिली. हात काखेत कोंबलेले.

"थंडी वाजतेय का?"

"नाही. काल याला दोन्ही दंडांना धरलं होतं. जोरात हलवणार होते. शेजारी कुणाच्या तरी हातून भांडं पडलं, म्हणून थांबले."

मावशीने बाळाला डोक्यापासून टाचेपर्यंत नीट पाहिलं. कुठे वळ नव्हता. तरी त्याच दुपारी तिघं डॉक्टरांकडे जाऊन आली. बाळ ठणठणीत होतं. परतताना जिन्यात मावशीने विचारलं, "आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही दर वेळी छान छान म्हणायचात. मग कोणत्या तोंडाने सांगू?"

मावशी पायरीवर थांबली. एकवीस वर्षं ती कौतुकाच्या जोरावर दारं उघडत आली होती. इथे त्याच कौतुकाने या पोरीचं तोंड बंद केलं होतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

वर जाऊन दोघींनी ठरवलं. सहन होईना झालं की बाळाला पाळण्यात उताणं ठेवायचं, दार ओढून बाहेर यायचं, कुणाला तरी हाक मारायची. पण हाकेला ओ द्यायला माणूस हवं. मावशीने वहीचं पान फाडलं, सात वारांचे सात चौकोन आखले, पाच ते सात सोबतीला येणाऱ्याचं नाव लिहायला. खालच्या शिंपीणबाईंनी तीन दिवस घेतले. "यंत्राच्या खडखडाटात उभी हयात गेली, रडण्याचं काय मला," त्या म्हणाल्या. समोरच्या निवृत्त पोस्टमनने दोन. गुरुवारी बापाला सुट्टी असायची. राहिला रविवार.

सासू दोन गल्ल्या पलीकडे राहायची. मुलाने वेगळं बिऱ्हाड केल्यापासून तिने या घरात पाऊल टाकलं नव्हतं. मावशी ते पान घेऊन तिच्याकडे गेली.

"आम्ही पाच वाढवली, बाई. तेव्हा कुठे होते तुमचे चौकोन?"

"म्हणून तर आले. पाचांत एखादा भोंगा असेलच."

"तिसरा. तिचाच नवरा." सासू भाजी निवडत राहिली. हात थांबला. "एकदा चापट मारली होती. एवढासा होता. तिला सांगू नका."

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

सासूने भाजी पुन्हा पुढ्यात ओढली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

तक्ता तिसऱ्या मजल्यावर दाराच्या आत चिकटवलेला आहे. सध्या रविवारी पाच ते सात मावशी स्वतःच जाते, तिचा सुट्टीचा वार असूनही. त्या चौकोनात स्वतःचं नाव मात्र ती लिहीत नाही. तो अजून कोराच आहे.