बिब्याचा तीळ

आता माझ्या अकलेचे दिवे कसे पाजळले ते सांगते, पण आधी तो चहा पिऊन घ्या, नाहीतर ठसका लागेल.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. आमचं गाव प्रतापगडाजवळ, तो प्रसिद्ध नव्हे, आमच्या जंगलपट्टीतला. केशोरीहून मला पाहायला पाहुणे यायचे होते. आधीची दोन स्थळं 'पोरगी वाळकी आहे' म्हणून परत गेलेली. माय काळजीनं अर्धी झालेली. मला वाटे, तोंडावर काही शोभाच नाही आपल्या. हनुवटीवर एक तीळ असता तर?

गोंदणारी बाई जत्रेत यायची, पण तोवर थांबतं कोण? सुई तर घरातही होती. काजळ धुतलं की जातं. वरठी, म्हणजे आमचा धोबी, मात्र कपड्यांवर बिब्याची खूण करायचा, ती भट्टीत उकळूनही जात नव्हती. झालं. बिबा दिव्यावर तापवला, काळं तेल काढलं अन् आरशात बघत सुईनं हनुवटीत भरलं. असा देखणा तीळ उमटला की मीच माझ्यावर खूश.

सकाळी डोळेच उघडेनात. चाचपून पाहिलं तर तोंड माझं नव्हतंच. मायच्या हातची घागर खाली पडली.

"काऊन वो, काय लावली?"

"तीळ."

"बिब्याचा? अवो, डोयात गेला असता तं आंधळी झाली असती! बिबा उतते, आंग सुजवते, तुले मालूम नाही का?"

अंगभर खाज, हनुवटीवर फोड. वहिनीनं चारोळी वाटून लेप दिला, तोच दारात बैलगाडी थांबली, मुलगा अन् त्याची माय उतरली.

बाबा म्हणाले, "परत पाठवू." माय म्हणाली, "हेही स्थळ गेलं तं पोरगी घरीच राहीन." मला नाकापर्यंत पदर ओढून अंधाऱ्या कोपऱ्यात बसवलं.

"चेहरा कसा गोल गरगरीत आहे," मुलाची माय म्हणाली. "अन् डोये वर करत नाही. भल्ली लाजते."

लाजते कुठली, डोळे उघडत नव्हते. नाव विचारलं, तर सुजल्या ओठांतून पुटपुटले. तेही त्यांना आवडलं, हळू बोलते म्हणे. तिथंच सुपारी फुटली.

लग्नापर्यंत सूज पार उतरली. अंतरपाट बाजूला झाला अन् नवरदेव माळ हातात धरून उभाच. माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"मामाजी, पोरगी बदलली. मी पाहिली थे ही नोहे."

वऱ्हाडी उठून उभे राहिले. लग्न मोडलं, आता बाबा गावात तोंड कसं दाखवतील, एवढंच माझ्या डोक्यात. शेवटी मीच भर मांडवात बिब्याची सगळी कहाणी सांगितली. सासूनं जवळ येऊन हनुवटीवरचा भाजल्याचा डाग पाहिला अन् हसत हसत खालीच बसली.

"घाल रे माळ. पोरगी हेच होय. बिब्यानं सुजली होती तवा."

त्यानं माळ घातली. घालताना मात्र माझ्या कानाशी हळूच म्हणाला,

"घालून तं राहिलो, पण मले सुजलेलीच आवडली होती."