पेनड्राइव्हला गंध

आमच्या थोरल्या साडूंइतका पेनड्राइव्हला जपणारा माणूस अख्ख्या डोंबिवलीत नसेल. पुढे कर्जतपर्यंत शोधलात तरी मला शंकाच आहे. पेनड्राइव्ह काढायचा झाला की आधी पडद्यावर 'आता काढू शकता' असं उमटलं पाहिजे. उमटल्यावरही हे मनात दहा आकडे मोजणार, त्याचा दिवा विझलाय ना ते चष्मा वर करून बघणार आणि मग झोपलेल्या बाळाच्या तोंडातलं बोट काढावं तसा अलगद काढणार. एकदा त्यांच्या घरी मी तो घाईत तसाच उपटला, तर दोन दिवस माझ्याशी अबोला. तिसऱ्या दिवशी फोन. "तुम्ही लिहीत असताना कुणी हात ओढला तर चालेल का हो?" बाहेरच्या कॉम्प्युटरला तो लावायचा नाही, किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायचा नाही आणि एक प्रत कायम दुसऱ्या घरात हवी. दुसरं घर म्हणजे आमचं, कळव्याचं. "दोन्ही एकाच कपाटात ठेवले तर एकच ठेवला म्हणायचं," असं बजावून त्यांनी स्टीलच्या डबीतला दुसरा पेनड्राइव्ह माझ्या हाती दिला, तेव्हा मी मनातल्या मनात हसलो, खोटं कशाला बोलू.

त्या दोन्हींवर होता ताईंचा आवाज. ताई म्हणजे साडूंची बायको, माझ्या बायकोची मोठी बहीण. जन्मभर शाळेत गणित शिकवलं. शेवटच्या आजारपणात त्यांनी नातीसाठी पावकी, निमकी, औटकी असे सगळे जुने पाढे म्हणून ठेवले. ताई गेल्यावर साडूंनी ते जिवापाड जपले, पण एकदाही ऐकले नाहीत.

आणि एवढ्या जपणाऱ्या माणसाने यंदा काय करावं? खंडेनवमीला सुरी, पक्कड, स्क्रूड्रायव्हर यांच्या रांगेत पेनड्राइव्हही पूजेला मांडला. फुलाने पाणी शिंपडलं, नेमकं त्याच्या धातूच्या तोंडालाच ओलं गंध लावलं आणि दरवर्षीप्रमाणे नवी प्रत काढायची म्हणून तसाच कॉम्प्युटरला लावला. झालं! तो पुन्हा उघडलाच नाही.

तासाभरात साडू आमच्या दारात. "तुमच्याकडचा द्या," एवढंच बोलले. पण गेल्याच महिन्यात मी तो खोपटच्या झेरॉक्सवाल्याकडे नेलेला, प्रिंट काढायला, आणि रिक्षा थांबली होती म्हणून तसाच उपटलेला. सगळं सांगून टाकलं. लाज वाटली हो. आता हे मला उभा सोलणार असं धरून चाललो होतो.

"गंध लावणाऱ्याने तुम्हाला काय बोलायचं," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

मग माझ्या लॅपटॉपवर आधी व्हायरसची तपासणी. ती संपेना. बायकोने ठेवलेल्या चहावर साय धरली. अखेर त्यांनी फाइल उघडली आणि ताईंचा आवाज आला. "एक औट साडेतीन, दोन औट सात..."

तिथेच ताई थांबल्या. "अहो, तो पंखा बंद करा ना, नुसती घरघर येतेय."

साडू उठले आणि त्यांनी आमच्या भिंतीवरचं बटण बंद केलं. पाढा पुढे सुरू झाला. ऑक्टोबरच्या त्या उकाड्यात पंखा पुन्हा लावायला आमच्यापैकी कुणीच उठलं नाही.