रोजचा श्वास

हिच्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग टाकायची होती. आदल्या दिवशी नाशिकच्या दवाखान्यातला मशीनवाला, पिकल्या मिशांचा माणूस, खाटेपाशी आला. म्हणाला, "काकू, मशीनवर हृदय दिसतं, पण श्वासासरशी वरखाली हलतं. मी सांगेन तेव्हा श्वास धरायचा, म्हणजे डॉक्टरांना नळी नीट दिसेल."

मी लगेच हिच्यावर खेकसलो, "भर छाती! कांद्याची गोणी उचलताना भरतेस तशी!" तिनं घाबरून एवढा श्वास घेतला की खोकलाच आला.

"काका, गोणी नाय उचलायची," तो हसला. "रोजच्यासारखा श्वास घ्यायचा आणि तिथंच थांबायचं. काकूंचा रोजचा श्वास कसा असतो, तुम्हाला ठाऊक असेल ना?"

मी हिलाच विचारलं, "कसा असतो गं?"

मग तोच स्टूल ओढून बसला. तिच्या खांद्याकडे बघत, स्वतःच्या छातीवर पंजा ठेवून, तिच्याबरोबर श्वास घेत राहिला. पाच मिनिटांत त्याला तिची लय सापडली. चाळीस वर्षं शेजारी झोपून मला सापडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी स्प्रिंग नीट बसली. त्यानंतर ही दोन वर्षं जगली. तेव्हा तरी तिच्याजवळ बसून तिचा श्वास बघायला हवा होता. मी रेडिओ ऐकत बसलो.